गंगाक्कांच्या कादंबऱ्यांचे शेवट

कादंबरी चांगली की वाईट, हे मला रायापूरला कळायचं.

बाहेरच्या वाचकांना एवढ्यावरून काही समजायचं नाही, म्हणून नीट सांगते. माझं घर हुबळीत, केशवापूरला. नोकरी धारवाडला, सुभाष रोडच्या मागच्या बोळातल्या एका मराठी वाचनालयात, ग्रंथपाल म्हणून. नव्वदच्या सुमारास लागले आणि दोन हजार साल उलटून गेल्यावर काही वर्षांनी निवृत्त झाले. तोवर रोज शहर बसनं जायचं, शहर बसनं यायचं. जागा मिळाली की पिशवीतून नवी कादंबरी काढायची. रायापूर लागतं धारवाडच्या अलीकडे. तिथपर्यंत मी एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही, तर कादंबरी उत्तम. दोनदा बघितलं, तर चालण्यासारखी. आणि रायापूरच्या आत मला डुलकी लागली, तर ती आमच्या समितीला हमखास आवडायची.

एकदा एका खुनाच्या कादंबरीत मी इतकी अडकले, की धारवाड आलं, बस रिकामी झाली, ड्रायव्हर-कंडक्टर चहा पिऊन आले, बस उलटी हुबळीकडे निघाली, तरी मी आपली आतच! कंडक्टरनं तिकिटाला हात पुढे केला आणि मला बघून कपाळाला लावला. म्हणाला, "अक्का, इन्नू इळदिल्लेन्री?" म्हणजे, अजून उतरला नाहीत? त्याला काय सांगणार? नऊ पानं उरली होती. गुपचूप तिकीट काढलं. नवनगरला खुनी सापडला, तिथं उतरले आणि दुसरी बस धरून परत धारवाडला गेले. त्या दिवशी वाचनालय एक तास उशिरा उघडलं.

टेबलाशी बसलं की दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न यायचा, "बाई, ही बरी आहे का हो?" त्यामुळे मला मतं ठेवावीच लागली. ती इथं मांडून ठेवते, कुणाला राग आला तर येऊ दे.

त्या वर्षांतली सामाजिक कादंबरी घ्या. नायिकेचा शेपटा गुडघ्यापर्यंत, आणि तो विंचरायला तिला कधी वेळ लागत नाही. ती गरीब असते, पण परसात चाफा असतो. घाटात गाडी बंद पडलेला एक डॉक्टर तिला भेटतो. मग एक पत्र चुकीच्या हातात पडतं. तेवढं एकच पत्र कुणी नीट पेटीत टाकलं असतं, तर आमचं अर्धं कपाट रिकामं झालं असतं. रहस्यकादंबरीत घरचा जुना वैद्य चहा नको म्हणाला, की समजावं, खून यानंच केलाय. ऐतिहासिक कादंबरीबद्दल माझं म्हणणं एवढंच की ती उताणं पडून वाचू नये. माझ्या नाकावर एक पडली होती, आठवडाभर सूज उतरली नाही. आणि समिती जिला 'दर्जेदार' म्हणायची, त्या कादंबरीत एक गृहस्थ खिडकीपाशी उभे असतात. साठाव्या पानावर ते बसतात.

त्यातल्याही दोन-तीन मी रडत वाचल्यात, नाही असं नाही. पण दुपारी भांडीकुंडी आवरून, दोन ते चार एवढाच वेळ स्वतःचा असलेल्या बाईला खिडकीपाशी उभा राहिलेला गृहस्थ देऊन काय करायचं? तसला एक तिच्या घरात असतोच की.

म्हणून मी पुस्तकांची वर्गवारी माझ्या पद्धतीनं करायची. रजिस्टरात सरकारी आकडे, आणि डोक्यात माझे. ही तापातली, म्हणजे दोन पानं गळली तरी कळणार नाही. ही बाळंतिणीची, यात कुणी मरत नाही. ही दिवाळीनंतरची, पातळ, कारण चकल्या पाडून मनगटं दुखत असतात. ही सासू घरात असताना वाचायची, कव्हरवर देऊळ आहे. एवढं जमलं की ग्रंथपालाचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे तोंड बंद ठेवणं. कोण काय वाचतो ते बोलायचं नाही, आणि शेवट सांगायचा नाही. हे दोन नियम मी, एक वेळ सोडली तर, नोकरीभर पाळले. फार जड गेलं.

आता आमच्या अध्यक्षांकडे येते. अण्णा वकील. धारवाडच्या कोर्टात जन्मभर दिवाणी दावे लढवून निवृत्त झालेले. उंच, ताठ, काळी टोपी, आणि नुसतं "बसा" म्हणाले तरी समन्स आल्यासारखं वाटायचं. आपलं चुकलं असं अण्णा कधी म्हणाले, हे धारवाडात कुणी ऐकलेलं नव्हतं. दावा हरले, तर न्यायाधीशांना कायदा कळला नाही. एकदा वाचनालयाचं भिंतीवरचं घड्याळ आणि त्यांच्या मनगटावरचं यांत दहा मिनिटांचा फरक निघाला. त्यांनी स्टुलावर चढून भिंतीवरचं पुढे केलं. तेवढ्यात शेजारच्या दुकानातल्या रेडिओवर वेळ सांगितली, ती भिंतीवरच्या जुन्या वेळेशी जुळत होती. अण्णा खाली उतरत म्हणाले, "रेडिओ बंगळूरचा आहे."

या अण्णांना लोकप्रिय कादंबऱ्यांचा भयंकर राग. खरेदीच्या बैठकीला मी यादी वाचायला लागले की त्यांच्या भुवया टोपीत जायच्या. "'हिरव्या खिडकीचा बंगला'? बाई, त्यात नायिका सात वेळा बेशुद्ध पडते! सात वेळा! त्यातली दोन वेळा जिन्यावर!"

समितीचे बाकीचे सभासद माना डोलवायचे. मी मात्र चाट पडले. ती कादंबरी मी दोनदा वाचलेली, आणि माझ्या हिशोबानं पाच वेळा. संध्याकाळी बसमध्ये पुन्हा मोजलं. सात. अण्णांचं बरोबर होतं.

मग मला प्रश्न पडला, यांना कसं ठाऊक?

अण्णांच्या स्वतःच्या कार्डावर कायद्याची आणि इतिहासाची पुस्तकं जायची. कादंबऱ्या जायच्या त्यांच्या बायकोच्या, गंगाक्कांच्या कार्डावर. गंगाक्का माहेरच्या गदगकडच्या, घर सगळं कन्नड. धारवाडच्या मराठी घरात पडल्या त्याला चाळीस वर्षं होऊन गेलेली, त्यामुळे मराठी बोलायच्या अगदी तुमच्या-माझ्यासारखं. दर सोमवारी आणि गुरुवारी कापडी पिशवी घेऊन यायच्या. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या, मला अगंतुगं करायच्या. "सुनंदा, जाड दे गं," एवढीच फर्माईश. मी समजायची की या वाचतात, आणि अण्णा मागून चोरून चाळतात. वकिलाला पुरावा लागतोच.

त्याच सुमारास दुसरी एक भानगड सुरू झाली. अण्णांच्या शेजारी जोशीकाकू राहायच्या. बोलायला तिखट, वाचायला त्याहून. एक दिवस तावातावानं आल्या आणि पुस्तक टेबलावर आपटलं. "बाई, फाटकी पुस्तकं देता का आम्हाला? याची शेवटची पानं नाहीत!"

मी उघडून बघितलं. पानं होती. 'समाप्त' होतं. समाप्तच्या खाली फुलाचं चित्रसुद्धा होतं.

"मग गंगाक्कांनी सांगितलेला शेवट कुठंय?"

झालं होतं असं की संध्याकाळी गल्लीतल्या बायका कट्ट्यावर बसून वाचलेल्या कादंबऱ्या सांगायच्या. गंगाक्कांनी सांगितलं होतं की घर सोडून गेलेल्या बायकोला शोधत नवरा बेळगावच्या बसस्टँडवर जातो, चारचौघांत म्हणतो "माझं चुकलं", आणि ती त्याला दोन बसा जाईपर्यंत तिष्ठत ठेवते. पुस्तकात काय होतं? पुस्तकात बायको परत येऊन त्याच्या पायावर डोकं ठेवते आणि तो भरल्या आवाजात म्हणतो, "जा, मी तुला क्षमा केली." क्षमा कशाबद्दल, तर दागिने सासूनं लपवलेले असतात! पण ते असो.

"मी गंगाक्कांना म्हटलं, असं नाहीये त्यात," जोशीकाकू म्हणाल्या, "तर म्हणतात, तुमच्या प्रतीतली पानं गळली असतील. जा, सुनंदाला विचारा."

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी दोघी तीच तक्रार घेऊन हजर.

आता माझ्या जागी दुसरी शहाणी बाई असती तर तिनं गंगाक्कांना विचारलं असतं. पण मी पडले ग्रंथपाल. आमच्या धंद्यात पुस्तकाचा दोष आधी बांधणीत शोधतात. छापखान्यात पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी जुळवतात. एखादी घडी दोनदा लागते, एखादी राहूनच जाते. मी मनाशी पक्कं केलं की शेवटची घडी चुकलीय. बेळगावच्या विक्रेत्याला पत्र लिहिलं, सदोष प्रती बदलून द्या. त्यानं दिल्या. त्यांत तेच क्षमा प्रकरण. मी दुसरं पत्र लिहिलं, जरा कडक. तिसरं इतकं कडक लिहिलं की तो भला माणूस स्वतः बेळगावहून आला. त्यानं टेबलावर एकाच कादंबरीच्या तीन प्रती ओळीनं उघडून ठेवल्या आणि हात जोडून म्हणाला, "बाई, शेवट एकच छापतात हो. दोन छापायला कुणाला परवडतंय?"

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. नंतर खरं काय ते कळलं, तेव्हा पत्र लिहीन लिहीन म्हणत राहिले, आणि राहूनच गेलं. त्याची मला आजही लाज वाटते.

खरं कळलं ते असं. एका गुरुवारी गंगाक्का आल्या नाहीत. गुडघा धरलाय असा निरोप आला, म्हणून दुपारी तीनच्या सुमारास मीच पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं. हाक मारणार, तेवढ्यात आतून एक किनरा, रडवेला बायकी आवाज आला. कन्नडमधून. "नन्न बिट्ट होगब्याड्री..." मला सोडून जाऊ नका! भांडण आहे की काय? पाठोपाठ अण्णांचा भसाडा आवाज, तोही कन्नडमधून, "ह्या घराची पायरी चढायची नाहीस!" आणि मग गंगाक्कांचा आवाज, एकदम शांत, "मुंद?" म्हणजे, पुढे?

मी फटीतून बघितलं. बघू नये हे मला कळतं, पण बघितलं. गंगाक्का पाय लांब करून घेवड्याच्या शेंगा मोडत बसलेल्या. समोर खुर्चीत अण्णा, डोक्याला टोपी नाही, नाकावर चष्मा, हातात 'तिसऱ्या मजल्यावरची सून'. पुस्तक मराठी आणि तोंडानं घडाघडा धारवाडी कन्नड. नवरा तेच, बायको तेच, सासूही तेच. सासू तर इतकी झकास करत होते, की मला माझीच आठवली.

"मुंद एनातु?" गंगाक्का म्हणाल्या. पुढे काय झालं?

अण्णा शेवटच्या पानावर आले. ते पान मी आदल्याच आठवड्यात बसमध्ये वाचलेलं. त्यात नवरा "मी तुला क्षमा केली" म्हणतो, नेहमीचंच. अण्णांनी पानावर नजर टाकली, तोंड वाकडं केलं, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि खाली मान घालून म्हणाले, "तप्पातु. नंद तप्पातु."

चुकलं. माझंच चुकलं.

मी पाच पावलं मागं गेले, चपला वाजवत परत आले आणि खोकले. आत एकदम धावपळ. दार उघडलं तेव्हा अण्णांच्या डोक्यावर टोपी होती आणि हातात कायद्याचं पुस्तक होतं. ते उलटं होतं.

परत निघाले तेव्हा गंगाक्का लंगडत फाटकापर्यंत आल्या. "तू ऐकलंस," म्हणाल्या. हो म्हणावं लागलं. मग त्यांनीच सगळं सांगितलं. शाळा गदगला, कन्नड चौथीपर्यंत. मराठी कानानं आलं, जिभेवर बसलं, पण अक्षर कधी शिकल्या नाहीत. कट्ट्यावर बायका कादंबऱ्यांबद्दल बोलायच्या आणि या मधे बसून शेंगा सोलायच्या. वर्षानुवर्षं. अण्णा निवृत्त झाले आणि दिवसभर घरात फिरून आमटीत मीठ कमी, ताटली इथं का, असं करायला लागले, तेव्हा एक दिवस कार्ड काढलं, पुस्तक आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. वाचून दाखवा.

"ऐकलं त्यांनी?"

"हा कचरा आहे हे तुला दाखवतो म्हणाले आणि वाचायला लागले. दाखवतायत अजून." त्या हसल्या. मग माझा हात धरला. "पण सुनंदा, कुणाला बोलू नको गं. गल्लीत कळलं तर त्या दिवसापासून वाचायचं बंद करतील. दुपारचे ते दोन तास आहेत बघ माझे."

मी शब्द दिला. अण्णा शेवट बदलतात हे मात्र त्यांना सांगितलं नाही. शेवट सांगायचा नाही हा नियमच होता.

आणि पंधरा दिवसांत अण्णांनी वार्षिक सभेची नोटीस काढली. त्यात ठराव होता, यापुढे करमणुकीच्या कादंबऱ्या खरेदी करू नयेत, आणि असलेलं कपाट मोडीत काढावं.

मला रात्रभर झोप नाही. ते कपाट म्हणजे आमचं निम्मं वाचनालय. दुपारी येणाऱ्या सगळ्या बायका त्याच्यापायी यायच्या. आणि खरं सांगते, मला त्या कादंबऱ्या आवडायच्या. मी अण्णांना गाठलं. "अण्णा, कपाट गेलं की बायका यायच्या बंद होतील."

"मग त्यांना चांगलं वाचायला शिकवा."

"वाईटच काय आहे त्यांत?"

"वाईट? बाई, ज्याला रोज दोन तास तो क्षमेचा..." अण्णा थबकले. टोपी सारखी केली. "ज्याला साहित्याची चाड आहे, त्याला विचारा," असं म्हणून निघून गेले.

म्हणजे माणूस खरोखरच वैतागला होता. समितीत त्या कादंबऱ्या शब्दन् शब्द वाचलेला तो एकटाच, त्यामुळे त्या किती वाईट आहेत हेही त्यालाच ठाऊक!

माझी पंचाईत बघा. सभेत उभं राहून मी एवढंच म्हटलं असतं की अण्णा रोज दुपारी हेच वाचतात, तर ठराव तिथंच पडला असता. पण मग अण्णांचं वाचन त्या दिवसापासून बंद, आणि गंगाक्कांच्या दुपारी गेल्या. गप्प बसावं तर कपाट जाणार, म्हणजे दुपारी तरीही गेल्या. गंगाक्कांना म्हटलं, तुम्हीच सांगा त्यांना. तर म्हणाल्या, "मी सांगितलं तर आणखी हट्टाला पेटतील. वकील आहेत." म्हटलं, मग कन्नड कादंबऱ्या आणा की. "कन्नड माझी मी वाचते की गं. त्यात ते कशाला येतील?"

मी एवढंच केलं की पुस्तक देताना प्रत्येकीला सांगितलं, रविवारी सकाळी सभा आहे, सभासद आहात, या. एरवी सभेला दहा-बारा पुरुष, दोन ठराव आणि उपीट. त्या रविवारी खुर्च्या पुरल्या नाहीत. पहिल्या रांगेत जोशीकाकू, हातात पंखा. पार मागं, दाराजवळ, गुडघा चोळत गंगाक्का. नवऱ्याच्या सभेला त्या जन्मात पहिल्यांदा आलेल्या.

अण्णा उभे राहिले. इतक्या बायका बघून जरा चपापले, पण कोर्ट ते कोर्ट. "मी आरोप करत नाही," म्हणाले, "पुरावा सादर करतो." आणि पिशवीतून काढली 'तिसऱ्या मजल्यावरची सून'. "शेवटचं प्रकरण वाचतो. ऐका, आणि तुम्हीच ठरवा, हे साहित्य आहे का."

सुरुवात केली ती खवचटपणे, एकेक शब्द चिमटीत धरल्यासारखा. दोन-चार पुरुष हसले. दुसरं पान उलटलं आणि सून बोलायला लागली. अण्णांचा आवाज आपोआप किनरा झाला. सासू आली, तसा फाटका झाला. हसणं थांबलं. जोशीकाकूंचा पंखा थांबला. सेक्रेटरी कार्यवृत्त लिहीत होते, त्यांनी पेन खाली ठेवलं. सून जिना उतरते, नवरा वर उभा, आणि अण्णा टेबलाच्या या टोकाला सून, त्या टोकाला नवरा! कुठल्याशा वाक्याला ते मराठीतून कन्नडमध्ये शिरले. कोणत्या, ते मला सांगता येणार नाही, कारण सभेत एकाच्याही ते लक्षात आलं नाही. सगळं धारवाड दोन्ही जिभांचं. माझ्या लक्षात आलं तेव्हा माझ्याच डोळ्यांना पदर होता.

नवरा दारात येतो. सून वळून बघते. अण्णा दम घ्यायला थांबले.

मागून, दाराजवळून, सवयीनं आवाज आला. "मुंद?"

अण्णांनी मान वर केली. पुस्तकाकडे बघितलंच नाही. चष्मा काढला. आणि भरल्या सभेत, खाली मान घालून म्हणाले, "तप्पातु. नंद तप्पातु."

मग जोशीकाकू ताडकन उभ्या राहिल्या. "अहो वकील, हे पुस्तकात नाहीये!"

"नाहीच मुळी! क्षमा केली असं आहे!" दुसरी ओरडली.

"अगंबाई, हा तर गंगाक्कांचा शेवट!"

आणि सगळ्या माना एकदम मागं वळल्या. गंगाक्कांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय करत होत्या, मला पुढून दिसलं नाही. अण्णांनी सावकाश चष्मा घातला, पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, पान वाचलं, उलटून मागचं वाचलं, पुन्हा ते वाचलं. अखेर त्यांनी पुस्तक मिटलं आणि जाहीर केलं, "छापण्याची चूक आहे."

काय हशा पिकला म्हणता! जोशीकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "असेल हो वकील, असेल. पण तुमच्याकडचीच प्रत बरोबर आहे. आम्हालाही त्यातलीच द्या."

हशा ओसरल्यावर सेक्रेटरींनी भीत भीत विचारलं, "अण्णा, ठरावाचं काय?"

"तहकूब," अण्णा म्हणाले आणि बसले. तो ठराव मी निवृत्त होईपर्यंत तहकूब होता. त्या सभेचं कार्यवृत्त अर्धं मराठीत आणि अर्धं कन्नडमध्ये लिहिलेलं आहे, कुणाला बघायचं तर बघावं.

मी मात्र घरी जाताना कष्टीच होते. कपाट वाचलं, पण गंगाक्कांच्या दुपारी? गल्लीला कळायचं ते कळलंच होतं. त्या दिवशी बसमध्ये पुस्तक उघडलंच नाही, सबंध रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. अकराच्या सुमारास दारात कापडी पिशवी दिसली. माझा जीव भांड्यात पडला.

"वाचतायत?" मी आधी तेच विचारलं.

"काल रिक्षात घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. जेवण झालं, आणि तीन वाजता खुर्ची ओढून बसले. पुस्तक कुठंय म्हणाले." गंगाक्का माझ्यासमोर बसल्या. "दार मात्र आतून लावून घेतलं."

मग मला राहवलं नाही. नियम बाजूला ठेवला आणि म्हटलं, "गंगाक्का, ते शेवट बदलायचे, हे तुम्हाला कालच कळलं ना? वाईट वाटलं का हो?"

"काल?" त्या हसायलाच लागल्या. "जोशीबाईंनी पहिल्यांदा भांडण काढलं ना, त्याच दिवशी कळलं मला."

"आणि तरी त्यांना पानं गळलीत म्हणून सांगितलंत? अहो, मी बेळगावपर्यंत भांडले!"

"मग काय सांगू? खरं बोलले असते तर त्यांच्या कानावर गेलं असतं, आणि बदलायचं थांबले असते." त्यांनी पिशवीतून जुनं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्यावरून हात फिरवला. "सुनंदा, बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. माझं काय काय झालं त्या घरात, ते मला ठाऊक आणि त्यांना ठाऊक. एकदासुद्धा 'माझं चुकलं' म्हणाले नाहीत. आणि आता बघ, पुस्तकातला एकेक नवरा माझ्यासमोर मान खाली घालून म्हणतोय. मी शेंगा मोडत ऐकून घेते."

रजिस्टर उघडलं, जुनं पुस्तक जमा केलं, कपाटाशी गेले. "आज कुठली देऊ?"

गंगाक्कांनी जरा विचार केला.

"जाडच दे," त्या म्हणाल्या. "आणि यात नवऱ्याची चूक जरा मोठी असेल, असं बघून दे."

मी वरच्या खणातली दोन भागांची कादंबरी काढली आणि दोन्ही भाग त्यांच्या पिशवीत घातले.